मधलं पद काय सांगतं

वर्ग त्रिपदीचे अवयव पाडून झाल्यावर मुलं ज्या सुरात "मॅडम, मी अंदाजानेच काढलं" म्हणतात, तो सूर मला खटकतो. उत्तर बरोबर असतं, ताळाही जुळलेला असतो, तरी चेहरा काहीतरी लपवल्यासारखा. सूत्र वापरलं तर ते गणित आणि अंदाज केला तर ते नशीब, अशी वाटणी त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. कच्चं काम तर ही मुलं रबराने पुसूनच टाकतात. समोर येतात ते फक्त दोन देखणे कंस.

मी बरीच वर्षं बीजगणित शिकवते आहे आणि माझं मत हळूहळू नेमकं उलट होत गेलं आहे. शाळेच्या बीजगणितात आकड्यांकडे डोळे उघडून बघायला लावणाऱ्या जागा फार थोड्या. करून बघत, चुकत, पुन्हा मांडत अवयव पाडणं ही त्यातली एक. बाकी बहुतेक ठिकाणी आकडे सूत्रात घातले की काम भागतं.

एक गणित सावकाश करू.

६क्ष² + ११क्ष − १०

दोन कंस मांडायचे. कंसांतल्या पहिल्या पदांच्या सहगुणकांचा गुणाकार ६ आणि शेवटच्या पदांचा −१० यायला हवा. ६ फोडायचे प्रकार दोन: १ आणि ६, नाहीतर २ आणि ३. १० चेही दोनच: १ आणि १०, २ आणि ५. पण कुठला आकडा कुठल्या कंसात बसवायचा हे बदलता येतं, म्हणून १० च्या मांडण्या चार. दोन गुणिले चार, आठ. त्यातही उणे चिन्ह पहिल्या कंसाला द्यायचं की दुसऱ्या, हा प्रश्न राहतोच. म्हणजे सोळा शक्यता. इथे मुलं सुस्कारा सोडतात आणि सूत्राकडे वळतात.

पण एकही गुणाकार न करता यातल्या अर्ध्या शक्यता बाद होतात. ६, ११ आणि १० या तिघांनाही भाग जाईल असा १ सोडून दुसरा आकडा नाही. मग कुठल्याही एका कंसातूनही काही सामाईक बाहेर काढता येता कामा नये. तसं निघत असतं तर ते अख्ख्या त्रिपदीतूनच निघालं असतं. म्हणजे (२क्ष + १०) असा कंस असूच शकत नाही. (६क्ष − २) सुद्धा नाही. २क्ष आणि ६क्ष यांच्या शेजारी सम आकड्याला जागाच नाही. त्यांच्याजवळ १ किंवा ५ हेच बसणार.

चिन्हांचंही असंच. शेवटचं पद ऋण आहे, म्हणजे एका कंसात अधिक आणि दुसऱ्यात उणे. मधलं पद ही दोन गुणाकारांची वजाबाकी असणार. चिन्हांची अदलाबदल केली तर तीच वजाबाकी उलट्या चिन्हाने येते, म्हणून चिन्हांचा विचार शेवटी केला तरी चालतो. आता उरल्या चारच मांडण्या. क्ष सोबत १० आणि ६क्ष सोबत १: ६० वजा १, म्हणजे ५९. क्ष सोबत २ आणि ६क्ष सोबत ५: १२ वजा ५, ७. २क्ष सोबत १ आणि ३क्ष सोबत १०: २० वजा ३, १७. २क्ष सोबत ५ आणि ३क्ष सोबत २: १५ वजा ४, ११. सापडलं. ११ धन आहे म्हणून मोठ्या १५ ला अधिक द्यायचं, आणि अवयव (२क्ष + ५)(३क्ष − २).

सोळांतून चार उरल्या, त्या नशिबाने नव्हेत. शिवाय या चार ओळींनी एक जास्तीची गोष्ट पदरात टाकली. मधल्या पदाचा सहगुणक ११ ऐवजी ९ असता तर? ५९, ७, १७, ११ या यादीत ९ नाही आणि यादी तर संपली. म्हणजे ६क्ष² + ९क्ष − १० चे पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत, हे आपण सिद्ध करून बसलो. कच्च्या कामातल्या ज्या ओळी मूल पुसून टाकतं, त्यांत ही सिद्धता असते.

हे चाळणं जमू लागलं की मधलं पद बोलायला लागतं. क्ष² चा सहगुणक १ असलेली साधी त्रिपदी घ्या, शेवटचं पद ३६. जोड्यांच्या बेरजा ओळीने: १ आणि ३६ च्या ३७, २ आणि १८ च्या २०, ३ आणि १२ च्या १५, ४ आणि ९ च्या १३, ६ आणि ६ च्या १२. जोडीतले आकडे जसजसे एकमेकांजवळ येतात, तसतशी बेरीज खाली येते. मधलं पद थोराड दिसलं की टोकाची जोडी आधी बघावी, लहान दिसलं की वर्गमुळाच्या आसपासची. मधलं पद विषम असेल तर जोडीत एक सम आणि एक विषम हवा, मग २ आणि १८ कडे बघायचंसुद्धा कारण नाही. सरावलेलं मूल हे सगळं क्षणात करतं आणि वर म्हणतं, अंदाजाने काढलं.

मधलं पद फोडायची पद्धत मला नावडते असं नाही. पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करायचा, −६०. ज्यांचा गुणाकार −६० आणि बेरीज ११ अशा दोन संख्या शोधायच्या, १५ आणि −४. मग चार पदं करून दोन-दोनचे गट पाडायचे. सुटसुटीत आहे, हमखास आहे. पण हा गुणाकार कशासाठी, हे फारसं कुणी सांगत नाही. दोन कंस उलगडताना मधल्या पदाचे जे दोन तुकडे तयार होतात, त्यांत चारही सहगुणक एकेकदा येतात. वरच्या गणितात २ गुणिले −२ आणि ५ गुणिले ३. त्या दोन तुकड्यांचा गुणाकार केला की त्याच चार आकड्यांचा गुणाकार होतो, आणि पहिल्या व शेवटच्या सहगुणकांचा गुणाकारही त्याच चौघांचा. एवढीच त्यातली मेख. ती कळल्यावर पद्धत वापरली तर ठीक. न कळता वापरली तर सूत्र काय आणि ती काय.

इतिहासात डोकावलं की गंमत अशी दिसते की दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार देऊन त्या संख्या विचारायच्या, हे गणित फार जुनं आहे आणि ते सोडवणारे चाचपडत नव्हते. इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर अशी गणितं आहेत. एकात लांबी आणि रुंदी मिळून साडेसहा आणि क्षेत्रफळ साडेसात. रीत अशी: बेरजेचं निम्मं, सव्वातीन. त्याचा वर्ग १०.५६२५. त्यातून साडेसात वजा, ३.०६२५. त्याचं वर्गमूळ पावणेदोन. सव्वातीन आणि पावणेदोन, पाच. सव्वातीन वजा पावणेदोन, दीड. लांबी पाच, रुंदी दीड. आपल्या ११ आणि −६० लाही हीच रीत लावा: निम्मं साडेपाच, वर्ग ३०.२५, त्यातून −६० वजा म्हणजे ९०.२५, वर्गमूळ साडेनऊ. १५ आणि −४. जोड्या तपासायची गरजच पडली नाही.

भारतीय गणितातही तेच. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली वर्गसमीकरण सोडवायचा नियम दिला. श्रीधराचार्यांची रीत पुढे भास्कराचार्यांनी उद्धृत केली म्हणून आपल्यापर्यंत पोचली: क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणा आणि मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. ६क्ष² + ११क्ष = १० ला २४ ने गुणलं की १४४क्ष² + २६४क्ष = २४०. दोन्हीकडे १२१ मिळवले की डावीकडे (१२क्ष + ११) चा पूर्ण वर्ग आणि उजवीकडे ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. एकही अपूर्णांक मध्ये येऊ न देता उत्तर हातात. इतकी नेटकी युक्ती शिकवताना आजही मला बरं वाटतं.

अवयव पाडून समीकरण सोडवण्याची कल्पना मात्र त्या मानाने कालपरवाची. सगळं एका बाजूला आणून दुसरीकडे शून्य ठेवायचं आणि समीकरण हा कंसांचा गुणाकार आहे असं बघायचं, ही दृष्टी थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या लिखाणात स्पष्ट दिसते. ते छापलं गेलं १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. म्हणजे आज जी रीत मुलं सर्वांत आधी शिकतात, ती इतिहासात सूत्राच्या कितीतरी नंतर आली.

आणि ती चालते कशी? इथे थोडं कडू बोलायला हवं. अभ्यासातली गणितं उत्तराकडून मागे येऊन बनवलेली असतात. गणित घालणारा आधी कंस लिहितो, मग ते उलगडतो. म्हणून अवयव पडतात. बाहेर, कुणी मुद्दाम न घडवलेल्या त्रिपद्यांत, हे भाग्य दुर्मीळ आहे. क्ष² + बक्ष + क या त्रिपदीत ब आणि क साठी १ ते १० मधले कुठलेही आकडे घ्या, शंभर त्रिपद्या तयार होतात. पूर्णांकांत अवयव पडतात त्या फक्त १४. मोजणं सोपं आहे: ज्यांचा गुणाकार आणि बेरीज दोन्ही १० च्या आत राहतात अशा जोड्या मोजायच्या. १ सोबत १ ते ९, २ सोबत २ ते ५, आणि ३ सोबत ३. मर्यादा १०० पर्यंत वाढवली तर दहा हजारांत २४५. शंभरातल्या १४ वरून अडीचपेक्षाही खाली. मर्यादा वाढवत नेली की हे प्रमाण शून्याकडे घसरत जातं.

म्हणून समीकरण सोडवायचं साधन म्हणून मी या रीतीची भलामण करणार नाही. भौतिकशास्त्रातून किंवा हिशेबातून आलेलं खरंखुरं वर्गसमीकरण समोर असेल तर सरळ सूत्र वापरावं. मला हिचं महत्त्व वाटतं ते आकडे वाचायला शिकवण्यापुरतं. आणि एकदा वाचायला लागलं की भलत्याच ठिकाणी खजिना सापडतो.

एक उदाहरण माझ्या फार आवडीचं. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव सगळ्यांना पाठ: (क्ष + २)(क्ष + ३). एखाद्या मुलाने घाईत शेवटचं चिन्ह उणे वाचलं, तर गणित अडायला हवं ना? नाही अडत. क्ष² + ५क्ष − ६ म्हणजे (क्ष + ६)(क्ष − १). चिन्ह चुकूनही अवयव पडले आणि मुलाला चूक कळलीच नाही. अशा दुटप्पी त्रिपद्या आणखी आहेत का, म्हणून शोधायला बसलं की सापडतात: क्ष² + १०क्ष अधिक किंवा उणे २४. क्ष² + १३क्ष अधिक किंवा उणे ३०. अधिकला (क्ष + ३)(क्ष + १०), उणेला (क्ष + १५)(क्ष − २). क्ष² + १७क्ष अधिक किंवा उणे ६०.

५, १०, १३, १७. हे आकडे कुठेतरी पाहिलेत? काटकोन त्रिकोणांचे कर्ण आहेत ते. ३-४-५, ६-८-१०, ५-१२-१३, ८-१५-१७. आणि ६, २४, ३०, ६० ही त्याच त्रिकोणांची क्षेत्रफळं. मधल्या पदात कर्ण, शेवटच्या पदात क्षेत्रफळ.

हा योगायोग नाही. अवयव पडायचे तर विवेचक, म्हणजे मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट, पूर्ण वर्ग हवा. इथे तो कर्णाचा वर्ग उणे किंवा अधिक क्षेत्रफळाची चौपट असा येतो. कर्णाचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. क्षेत्रफळाची चौपट म्हणजे बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट. तेव्हा एकदा बाजूंच्या फरकाचा वर्ग मिळतो आणि एकदा बेरजेचा. दोन्ही पूर्ण वर्ग, दोन्हीकडे अवयव. एखाद्या वर्गात एकच संख्या मिळवली किंवा वजा केली तरी वर्गच राहावा, या प्रश्नाने फिबोनाचीलाही झपाटलं होतं. १२२५ साली त्याने यावर लिहिलं. आठवीच्या वहीतली चिन्हाची चूक त्याच रस्त्यावर नेऊन सोडते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. (या जोड्या मी परीक्षेत मात्र घालत नाही. चूक पकडली न जाणारं गणित परीक्षेला काय कामाचं?)

मधल्या पदाची ताकद कळायला मोठ्या संख्या घ्याव्यात. ८०५१ चे अवयव काय? चटकन सांगता येत नाही. पण त्या दोन अवयवांची बेरीज १८० आहे एवढं कुणी कानात सांगितलं, तर बॅबिलोनी रीतीने तोंडी जमतं: निम्मे ९०, वर्ग ८१००, वजा ८०५१, उरले ४९, वर्गमूळ ७. म्हणजे ९७ आणि ८३. शेवटचं पद कुलूप लावून बसलेलं असतं आणि मधलं पद सापडलं की ते उघडतं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात हीच गोष्ट उलटी वापरली. मधलं पद माहीत नाही ना, मग मधल्या पदाचाच अंदाज करायचा. २०२७६५१२८१ या संख्येसाठी त्याने तिच्या वर्गमुळाच्या लगेच पुढच्या ४५०३० पासून सुरुवात केली. त्याचा वर्ग, त्यातून संख्या वजा, उरतं ते पूर्ण वर्ग आहे का? नाही. पुढचा आकडा. बाराव्या खेपेला, ४५०४१ ला, बाकी आली १०४०४००, म्हणजे १०२० चा वर्ग. अवयव ४६०६१ आणि ४४०२१. दहा आकडी संख्या, आणि फर्मासारखा माणूस एकेक आकडा करून बघतोय.

अवयव एकमेकांजवळ होते म्हणून बारा खेपांत भागलं. ते लांब असते तर ही वाट संपता संपली नसती. १९७७ साली रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी मांडलेली गुप्तलेखनाची पद्धत याच अडचणीवर उभी आहे: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर, त्यांची बेरीज गुपित. बेरीज फुटली तर बाकीचं काम शाळेतलं मूल करील.

अवयव न पडणाऱ्या त्रिपद्या मी आता मुद्दाम गणितांमध्ये मिसळते. एकदा क्ष² + ७क्ष + ८ दिलं होतं. एका मुलीने वहीत लिहिलं: आठच्या जोड्या दोनच, बेरजा ९ आणि ६, ऋण जोड्यांच्या बेरजा ऋण, सात येत नाही, म्हणून अवयव नाहीत. मी तिला पूर्ण गुण दिले. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, अपूर्णांकांत पडत असतील तर? तिथे जोड्या संपतच नाहीत." आणि त्याने लगेच दीड आणि पाच पूर्णांक एक तृतीयांश काढून दाखवले. गुणाकार बरोबर ८, बेरीज सहा पूर्णांक पाच षष्ठांश. सातच्या इतक्या जवळ. मग वर्गच पेटला. कुणीतरी १०/७ आणि २८/५ आणले: गुणाकार ८, बेरीज सात पूर्णांक एक पस्तिसांश. आता थोडी जास्त झाली.

पोरं आणखी जवळ जात राहिली असती, म्हणून मी फळ्याकडे वळले. समजा एक अपूर्णांक अ/ब आहे, अतिसंक्षिप्त रूपात. बेरीज ७ हवी, म्हणून दुसरा ७ वजा अ/ब, म्हणजे (७ब − अ)/ब. त्याचाही छेद ब, आणि तोही अतिसंक्षिप्तच, कारण अ आणि ब ला सामाईक काही नाही. दोघांच्या गुणाकारात छेद ब², आणि वरच्या अंशात ब चा एकही मूळ अवयव नाही. तरी गुणाकार ८, पूर्ण संख्या, यायला हवा. मग ब ला १ असण्यावाचून गत्यंतर नाही. अपूर्णांकांच्या न संपणाऱ्या जोड्या एका दमात संपल्या आणि त्या मुलीच्या दोन ओळी पुरेशा ठरल्या. गाउसने १८०१ साली हेच कितीतरी व्यापक रूपात, कुठल्याही घाताच्या बहुपदींसाठी सिद्ध केलं आहे.

मुलाचं समाधान झालं नव्हतं. "हे क्ष² एकटा आहे म्हणून," तो म्हणाला. "त्याच्याआधी २ असता तर? २क्ष² + ७क्ष + ४?"

मी त्याला दोनने गुणायला सांगितलं आणि २क्ष ला य म्हणायला सांगितलं. त्याने लिहिलं: ४क्ष² + १४क्ष + ८, म्हणजे य² + ७य + ८. मग त्याने वर, फळ्यावरच्या जुन्या ओळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे तर तेच झालं."